बनावट पत्रे आणि एकशे एक दिवस : माध्यमांच्या उत्तरदायित्वावर शाळेत बोलणाऱ्यांसाठी एक धागा

वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम आला की 'प्रसारमाध्यमांचे उत्तरदायित्व' हा विषय कोठल्या ना कोठल्या शाळेच्या यादीत असतोच. या धाग्यांच्या वाचकांत शाळकरी मित्रमैत्रिणी बऱ्याच आहेत. त्यांच्यापैकी काहींनी या विषयाला शोभेल असे इतिहासातले एखादे उदाहरण मागितले होते. उदाहरण सांगतोच, पण ते भाषणात कसे मांडावे हेही सांगावेसे वाटते, कारण चांगले उदाहरण वाईट रीतीने मांडलेले मी अनेकदा ऐकले आहे.

या विषयावरची बहुतेक भाषणे एकाच चाकोरीतून जातात. आरंभी लोकशाहीचा चौथा स्तंभ, मग लेखणीची धार, मग बाळशास्त्री जांभेकर आणि ६ जानेवारी १८३२ चे 'दर्पण', मग टिळकांचा तुरुंगवास, मग 'परंतु आज काय दिसते?' असा सूर आणि शेवटी टीआरपी व व्हॉट्सॲपवर संताप. म्हणजे पूर्वी सगळे संपादक ऋषितुल्य होते आणि आताचे सगळे विकले गेले आहेत. परीक्षकांनी हे भाषण सकाळपासून आठ वेळा ऐकलेले असते. त्याहून मोठी अडचण अशी की ते खरे नाही.

मी सुचवतो ते उदाहरण टिळकांच्या तुरुंगवासाचेच आहे. मात्र १९०८ सालच्या मंडालेचे नव्हे, १८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्याचेही नव्हे. त्यांच्या पहिल्या तुरुंगवासाचे, १८८२ सालचे. या प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी जे छापले त्याचा आधार खोटा निघाला होता.

आधी पार्श्वभूमी. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. वर्षभराने, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी दोन साप्ताहिके सुरू केली : इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. 'मराठा'चे संपादन टिळकांकडे आणि 'केसरी'चे गोपाळ गणेश आगरकरांकडे. 'केसरी'चे पहिले संपादक टिळक, असे ठोकून सांगणारे वक्ते दर वर्षी भेटतात. ती चूक तेवढी टाळा. दोघेही जन्माने १८५६ सालचे, म्हणजे पत्रे सुरू झाली तेव्हा पंचविशीच्याही आतले. दिवसा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्र चालवायचे, असा त्यांचा दिनक्रम.

त्या वेळचा कायदाही ध्यानात घ्या. लॉर्ड लिटनच्या राजवटीत मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी एक स्वतंत्र कायदा झाला होता. त्यानुसार जिल्ह्याचा अधिकारी मुद्रक-प्रकाशकाकडून जातमुचलका घेऊ शकत असे, अनामत मागू शकत असे, वेळ पडल्यास छापखाना जप्त करू शकत असे; आणि त्यावर न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. कलकत्त्याच्या 'अमृत बाजार पत्रिके'ने त्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी स्वतःची भाषाच बदलली आणि ते पत्र इंग्रजीत निघू लागले. 'केसरी'चे पहिले संपूर्ण वर्ष या कायद्याच्या छायेत गेले. लॉर्ड रिपनने तो १८८२ च्या जानेवारीत रद्द केला.

आता कोल्हापूर. तेथील गादीवर होते चौथे शिवाजी महाराज. १८७० साली छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागे दत्तक आलेला हा मुलगा त्या वेळी आठ वर्षांच्या आसपासचा होता. पुढे तारुण्यात त्यांच्या बुद्धीस भ्रंश झाला आहे असे सरकारी गोटातून सांगितले जाऊ लागले. राज्याचा कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांना वेड लागलेले नाही, त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, असा संशय कोल्हापुरात आणि पुण्यातही पसरला. शिवछत्रपतींच्या घराण्याचा वारस, तरुण, एकाकी, परक्यांच्या पहाऱ्यात. ही वार्ता ऐकून महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात लोक अस्वस्थ होणे स्वाभाविक होते.

अशा हवेत काही पत्रे बाहेर आली. ती बर्वे यांच्या हातची आहेत आणि त्यांतून महाराजांच्या विरुद्ध कट, प्रत्यक्ष विषप्रयोगापर्यंतचा, उघड होतो असे सांगण्यात आले. त्यांच्या आधाराने १८८१ च्या अखेरीस 'केसरी' आणि 'मराठा' या दोहोंनी बर्वे यांच्यावर घणाघात केला. अन्य वृत्तपत्रांतही प्रकरण गाजत होतेच. बर्वे यांनी १८८२ च्या आरंभी अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

येथे थोडे थांबू. संपादकांच्या मनात काय असावे? त्यांना पैसा मिळवायचा नव्हता. बर्वे यांच्याशी वैयक्तिक वैर असल्याचेही दिसत नाही. त्यांना राजाचा जीव वाचवायचा होता आणि त्यासाठी आवश्यक तो पुरावा हाती आला आहे असे त्यांना मनापासून वाटले. पुरावा त्यांच्या समजुतीशी इतका तंतोतंत जुळत होता की तो खरा आहे की नाही हे पाहण्याची निकड त्यांना वाटली नसावी. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचे मर्म येथे आहे आणि भाषणात सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो येथेच. जे आपल्याला पटत नाही त्याची खातरजमा सगळेच करतात. जे आपल्याला आधीपासूनच खरे वाटत आहे त्याची खातरजमा कोण करतो?

खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. तो सुरू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकरांचे अकाली निधन झाले. वय अवघे एकतीस. शाळा दोन वर्षांची, पत्रे सव्वा वर्षाची, ज्यांच्या भरवशावर सगळे उभे राहिले ते शास्त्रीबुवा गेलेले आणि उरलेले दोन खांब आरोपीच्या पिंजऱ्यात. निधी जमवण्यासाठी विद्यार्थ्यांनी नाटकांचे प्रयोग केले. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा मदत आली ती अनपेक्षित बाजूने : महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुले आणि चिपळूणकरांचे हे वर्तुळ यांच्यात वैचारिक सख्य मुळीच नव्हते. 'निबंधमाले'तून फुल्यांच्या लेखनाची खिल्ली उडवलेली होती. तरीही जामीन दिला गेला. हा तपशील भाषणात सांगितला तर सभागृह शांत होते, असा अनुभव आहे.

खटल्यात पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी क्षमायाचना केली, परंतु खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. टिळकांना सव्विसावे वर्ष पूर्ण झाले ते २३ जुलैला, शिक्षेच्या सातव्या दिवशी. चांगल्या वर्तनाबद्दल सूट मिळून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. आगरकरांनी पुढे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. रात्री दोघांचे वाद रंगत, शाळेच्या पुढच्या योजना ठरत, आणि आवाज इतका चढे की पहारेकऱ्याला दटवावे लागे. याच काळात आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या मराठी रूपांतराचेही काम केले; ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये आले. वेडा आहे की वेडाचे सोंग करतो आहे हे कोणालाच कळत नाही अशा राजपुत्राचे नाटक, तेही कोल्हापूर प्रकरणाच्या तुरुंगात! योगायोग फार बोलका आहे, पण भाषणात त्याच्या मागे लागू नका. वेळ कमी असतो.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाबाहेर स्वागताला गर्दी होती. हार, मिरवणूक, जयजयकार. दोन्ही संपादकांची आणि दोन्ही पत्रांची प्रतिष्ठा या शिक्षेने घटली नाही, ती वाढली.

या ठिकाणी वक्त्याने थांबून एक नाव घ्यावे : माधवराव बर्वे. ज्या माणसावर आपल्या धन्याला विष घालण्याचा आरोप छापून आला आणि ज्याच्याविरुद्धची पत्रे न्यायालयात खोटी ठरली, तो या कथेतून कोठे गेला? आपण शाळेत हे प्रकरण शिकलो असू तर 'कोल्हापूर प्रकरणी टिळक व आगरकर यांना कारावास झाला' एवढ्या एका ओळीत, आणि ती ओळ त्यागाच्या यादीत असते. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की सरकारविरुद्ध लिहिले म्हणून शिक्षा झाली. प्रत्यक्षात शिक्षा झाली ती एका व्यक्तीविरुद्ध असत्य छापले म्हणून. बर्वे कारभारी म्हणून कसे होते, ब्रिटिशांचे किती मिंधे होते, यावर वाद घालता येईल. परंतु त्यांनी ती पत्रे लिहिलेली नव्हती. न्यायालयात ते जिंकले आणि स्मरणात हरले. दुरुस्तीचा मजकूर मूळ बातमीइतका दूर कधीच जात नाही, याचा याहून जुना मराठी पुरावा शोधायला वेळ लागेल.

आता या सामग्रीचे भाषण कसे करायचे ते पाहू.

आपल्याकडच्या शास्त्रार्थाची एक जुनी रीत आहे : आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्यापेक्षाही चांगल्या शब्दांत मांडायचे; मग उत्तरपक्षात ते खोडायचे. पटवून देणाऱ्या भाषणाला याहून चांगला साचा मला ठाऊक नाही. शाळेतल्या भाषणांत पूर्वपक्ष बहुधा नसतोच, किंवा असतो तो गवताच्या बुजगावण्यासारखा, एका टोल्यात पडणारा. या विषयात पूर्वपक्ष भक्कम आहे. तो असा : उत्तरदायित्व हा शब्द सत्ताधाऱ्यांना फार आवडतो. १८७८ चा कायदा करणाऱ्यांनीही बेजबाबदार देशी पत्रांना आवर घालण्याचीच भाषा केली होती. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली आणि त्याच काळात प्रेस कौन्सिलच बरखास्त झाले. मग संपादकाने प्रत्येक ओळ सिद्ध झाल्याखेरीज छापू नये असा आग्रह धरला तर बलवानांची दुष्कृत्ये कधी बाहेर येतील? साक्षीदार घाबरलेले असतात, कागद दडवलेले असतात.

हा आक्षेप मान्य करून पुढे जायचे आहे, टाळून नव्हे. आणि त्यासाठी दुसरे उदाहरण हवे. तेही मुंबईचेच, वीस वर्षे आधीचे. करसनदास मुळजी हे 'सत्यप्रकाश' या गुजराती साप्ताहिकाचे संपादक. ऑक्टोबर १८६० मध्ये त्यांनी वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. २५ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली. करसनदासांना आपल्याच समाजाचा रोष पत्करावा लागला होता, भक्तांनी साक्ष देऊ नये म्हणून दबाव होता. तरीही साक्षीदार उभे राहिले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. महाराजांना जडलेल्या रोगाविषयी त्यांनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. आरोप खरा असल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि २२ एप्रिल १८६२ रोजी निर्णय करसनदासांच्या बाजूने गेला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी तर संपादक हा जनतेचा शिक्षक असतो, अशा आशयाचे मत नोंदवले.

दोन्ही संपादक धाडसी. दोघांनीही सामर्थ्यवानांविरुद्ध लिहिले. दोघांनाही न्यायालयात खेचले गेले. एकाच्या आरोपामागे वैद्याची शपथेवरची साक्ष होती, दुसऱ्याच्या आरोपामागे कोणीतरी आणून दिलेली पत्रे होती. म्हणून 'धाडस विरुद्ध जबाबदारी' अशी जी जोडी वक्ते लावतात तीच मुळात फसवी आहे. पूर्वपक्षाला उत्तर हेच : पुराव्याचा आग्रह बलवानांना वाचवत नाही. करसनदासांपुढे बलवान हरले ते पुराव्यामुळेच. आणि कोल्हापुरात तो कच्चा निघाल्यामुळे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांना आयता विजय मिळाला.

ही दुसरी बाजू नीट समजून घ्या, कारण कोल्हापूर प्रकरणाचा शेवट फार करुण आहे. टिळक-आगरकर सुटल्यावर वर्षभराने, २५ डिसेंबर १८८३ रोजी, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात मरण पावले. ते तेथे पहाऱ्यात होते आणि ग्रीन नावाच्या गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय वीस. म्हणजे महाराजांच्या जिवाला धोका आहे ही लोकांची भीती निराधार नव्हती. छळाचा संशयही सगळा कपोलकल्पित म्हणता येत नाही. मात्र ज्या दोन पत्रांनी हा विषय धसास लावायचा, त्यांचे संपादक या विषयावर असत्य छापल्याबद्दल शिक्षा भोगून आलेले होते. खोट्या पुराव्याने खऱ्या चिंतेचे बळ कसे घटते, हे यापेक्षा स्पष्ट मी कोठे वाचलेले नाही. पत्रे खोटी ठरली नसती, किंवा ती छापलीच नसती आणि महाराजांच्या प्रकृतीची, त्यांच्यावरील पहाऱ्याची, त्यांना भेटू न देण्याची तेवढी चिकाटीने चौकशी चालवली असती, तर महाराज वाचले असते असे म्हणण्याचा अधिकार इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाही. तसे म्हणू नका, परीक्षक तेथेच पकडतील.

तिसरे उदाहरण देण्याचा मोह होईल; ते वेळ उरला तरच द्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर तपासणी करत होते आणि लोक त्राहि भगवान झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे सांगितले. परत आल्यावर तो आरोप सिद्ध करण्यासाठी कोणीही पुढे येईना. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगितली नाहीत आणि जाहीर, बिनशर्त माफी मागितली. तिच्यासाठी त्यांना भित्रे ठरवण्यात आले. वर्षअखेरीस अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांना मानाचे स्थान उरले नव्हते. मौज अशी की १८८२ साली हेच गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. टिळक-आगरकर माफी मागून तुरुंगात गेले आणि वीर ठरले. गोखले माफी मागून घरी गेले आणि भित्रे ठरले. आपल्या समाजाला माफीपेक्षा शिक्षा अधिक समजते, असे मला हे वाचताना वाटले. माझ्या मते सूत्रांची नावे न देता स्वतः दोष पत्करणे हे त्या वर्षातले एक धैर्याचे कृत्य होते. तुमचे मत वेगळे असू शकते. असेल तर तेच मांडा.

भाषणात कायद्याचा उल्लेख हवा, पण एकच आणि नेमका. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ४९९ हे बदनामीचे. त्याला दहा अपवाद दिले होते. पहिला अपवाद असा की, सार्वजनिक हितासाठी केलेला खरा आरोप बदनामी ठरत नाही. म्हणजे केवळ खरे असणे पुरत नाही, ते लोकहिताचेही असावे लागते. अन्य अपवादांत 'सद्भावना' हा शब्द वारंवार येतो, आणि याच संहितेचे कलम ५२ सांगत असे की योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येणार नाही. 'माझा हेतू शुद्ध होता' हे वाक्य भारतीय कायद्यात म्हणूनच अपुरे पडते. हेतूबरोबर तपासही दाखवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि बदनामीचे कलम आता ३५६ आहे. हा बदल न सांगता ४९९ वर्तमानकाळात उच्चारलात तर तयारी जुन्या पुस्तकावरून केली हे उघड होईल.

प्रेस कौन्सिलविषयीही नेमके बोला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस आयोगाने अशा संस्थेची शिफारस केली आणि ती १९६६ मध्ये अस्तित्वात आली. आणीबाणीतल्या बरखास्तीनंतर १९७८ च्या कायद्याने ती पुन्हा उभी राहिली. ती वृत्तपत्राला समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड किंवा कैद देऊ शकत नाही. आणि तिचा अधिकार छापील पत्रे व वृत्तसंस्था यांच्यापुरता आहे, दूरचित्रवाणीवर नाही. 'प्रेस कौन्सिलने वाहिन्यांवर बंदी घालावी' असे गरजणारा वक्ता मी ऐकला आहे. टाळ्या पडल्या, गुण पडले नाहीत.

रचनेविषयी थोडेसे. पाच मिनिटे मिळत असतील तर सहाशे शब्दांच्या पलीकडे जाऊ नका. 'सन्माननीय व्यासपीठ' वगैरे एका वाक्यात उरका आणि थेट डोंगरीला न्या. आरंभ असा करता येईल : 'जुलै १८८२. पुण्यातल्या एका शाळेचे दोन तरुण शिक्षक मुंबईच्या तुरुंगात आहेत. त्यांनी चोरी केलेली नाही, दंगा केलेला नाही. त्यांनी वृत्तपत्रात काही छापले आहे. आणि जे छापले ते खोटे निघाले आहे.' शेवटच्या वाक्यापूर्वी एक श्वास थांबा. श्रोत्यांना इंग्रज सरकारचा जुलूम अपेक्षित असतो. त्या अपेक्षेला तडा गेला की पुढची चार मिनिटे ते तुमच्याबरोबर असतात. नावे मात्र लगेच सांगू नका. बर्वे यांची बाजू पूर्ण झाल्यावर सांगा. नाव आधी सांगितले तर ऐकणारा माणूस लगेच कोणाचा ना कोणाचा पक्ष घेतो.

टिळकांचा अपमान करतो आहेस का, असे कोणी विचारील. शांतपणे सांगा की पत्रे बनावट असल्याचे कळल्यावर क्षमा मागणारे टिळक-आगरकरच होते आणि चुकीची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकवली. सहसंपादकावर किंवा मुद्रकावर ढकलून ते मोकळे झाले नाहीत. हे सांगताना आवाज चढवू नका. आजच्या बनावट स्क्रीनशॉटशी तुलना हवी असेल तर एका वाक्यात करा आणि एवढाच भेद दाखवा : १८८१ च्या अंकावर मुद्रकाचे नाव होते, म्हणून बर्वे यांना फिर्याद कोणावर करायची हे ठाऊक होते. पुढे पाठवलेल्या निनावी संदेशाखाली कोणाचे नाव असते?

आगरकरांचे पुस्तक मिळाले तर अवश्य वाचा, एका बैठकीत होते. फक्त एवढे लक्षात ठेवा की ते शिक्षा भोगलेल्या पक्षाचे कथन आहे; बर्वे यांची बाजू त्यात शोधू नका. ती हवी असेल तर खटल्याचे कामकाज आणि त्या वर्षीच्या मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या फायली पाहाव्या लागतात. पुढच्या धाग्यात १८७८ च्या कायद्याविषयी सविस्तर लिहीन. ज्यांची स्पर्धा त्याआधी आहे त्यांनी आपला कच्चा मसुदा खाली टाकावा, जमेल तसा वाचून कळवतो.